तानुबाईच्या खाचरात
हरसूलजवळच्या एका पाड्यावर तानुबाईचं भाताचं खाचर होतं. पाड्यात कुणाचं प्रेम अडलं, की ते माणूस तिच्या बांधावर यायचं. तिला सल्ला देता येत नसे. ती हातात रोपांची जुडी द्यायची आणि म्हणायची, "लावता लावता बोल." वाकून रोपं खोवताना कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, मग पोटातलं ओठांवर येतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

यंदाच्या आवणीला, भातलावणीला, हिरामणची पोर संध्या आली, मागोमाग जीवन. दोघांचं दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत मजुरीला गेले असताना जुळलेलं. पण संध्याच्या भावाला, सुनीलला, बायको मिळाली होती ती साट्यालोट्यात. आशा या घरी आली, आता तिच्या भावाला, बारकूला, संध्या द्यायची होती. नाही म्हटलं तर माहेरचे आशाला परत नेणार.

"आजी, हिचा बा आमचं ऐकतच नाय," जीवन म्हणाला. "एकदा पुरतं ऐकू दे. मग भले नाय म्हणू दे."

तानुबाईनं हिरामणला घरच्यांसकट आवणीला बोलावलं. दरसाल ती त्याच्या शेतात राबायची, त्याला यावंच लागलं. सगळे ओळीत वाकले. संध्यानं रडत रडत सगळं सांगितलं. हिरामण रोपं लावतच राहिला.

"तुझ्यापायी मी सुनंचा संसार मोडू?" शेवटी तो म्हणाला.

तेव्हा आशा बोलली. तीन वर्षांत सासऱ्यापुढे जिचा आवाज निघाला नव्हता, ती. मान वर न करता.

"मामा, माझ्या बदल्यात हिला देऊ नका. मला नेलं तर नेऊ द्या. मी चालत परत येईन. मला हेच घर पायजे, हाच माणूस पायजे."

सुनीलच्या हातातली जुडी पाण्यात पडली. उभ्या जन्मात तानुबाईनं प्रेमाची किती गाऱ्हाणी ऐकली होती, पण प्रत्येक जण स्वतःसाठी भांडलेला. नणंदेच्या प्रेमासाठी आपला भरला संसार पणाला लावणारी तिनं पाहिली नव्हती. त्या पोरीकडे नजर उचलून बघायलाही तिला धीर होईना.

हिरामणनं संध्याला द्यायला नकार कळवला, तसे आठवड्यात माहेरचे आशाला घेऊन गेलेच. पाचव्या दिवशी ती परत आली, बारकूच्या मोटारसायकलवर.

"चार दिवस जेवली नाय, संध्याचं मन जीवनवर हाय, एवढंच बोलत राहिली," बारकू दारात अवघडून म्हणाला. "मग मीच घरी सांगितलं, मन नसलेली बायको मलाबी नको."

हिरामणनं त्याला हाताला धरून आत घेतलं.

भात कापून झाल्यावर संध्या आणि जीवनचं लग्न लागलं. आशा पुन्हा पहिल्यासारखी गप्प, पदर खोचून पाणी वाढत होती. तानुबाई मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. नवरा-नवरी समोर असूनही तिची नजर आशावरून हलत नव्हती.