सोपानभाऊजींची स्थळं

भिंत पातळ होती, त्यात माझा दोष नाही. मी अलीकडे तांदूळ निवडत होते आणि पलीकडे माझी जाऊ झुंबरबाई आणि तिचा नवरा, म्हणजे माझे धाकटे दीर सोपानभाऊजी, कुत्र्यावरून भांडत होते. भाऊजी खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळीकाम करायचे. मालकांनी बंगला विकला, सामान नेलं आणि कुत्रं ठेवून गेले. भाऊजींनी ते घरी आणलं. त्यानं आल्या दिवशीच झुंबरची खुडूक कोंबडी मारली, शिवाय परसातला आल्याचा वाफा उकरला.

"त्याला तरी घालवा, न्हाईतर मी परंदवडीला माहेरी जाते," झुंबर म्हणाली.

"तुला न्यायला मी येईन. त्याला न्यायला कोन येनार हाय?"

झुंबर काही गेली नाही. भाकऱ्या मात्र त्या दिवशी जोरात थापल्या.

त्या कुत्र्याच्या जातीला जॅक रसेल म्हणतात. मला ते नाव नीट म्हणता यायला एक पावसाळा गेला. मांजरापेक्षा थोडं मोठं, पांढरं, तोंडावर तपकिरी ठिगळ. शहरातली माणसं फोटो बघतात आणि लहान आहे म्हणून फ्लॅटमध्ये आणतात. पण ही जात घुशीमागं बिळात शिरणारी. बीळ नसलं की सोफा उकरते. मग कुणी तिला घाटात सोडतं, कुणी बंगल्यावर. पुण्याच्या प्रेरणाताई अशी कुत्री गोळा करून त्यांना घरं बघून द्यायच्या. भाऊजींच्या कुत्र्यालाही त्यांनीच घर दिलं. तेव्हापासून, घर मिळेपर्यंत म्हणून, एकेक कुत्रं भाऊजींकडे राहायला येऊ लागलं.

आमच्याकडे शेळी अर्धलीनं देतात, सांभाळणाऱ्याला निम्मी करडं. शेजारच्या नथूला वाटलं, हेही तसलंच. त्यानं विचारलं, "सोपान, ह्यात तुजा वाटा काय रं?" भाऊजींनी लेंगा वर करून पोटरीवरचे दातांचे वण दाखवले.

कुत्रं द्यायचं घर ते आधी स्वतः बघून यायचे. त्याला ते स्थळ बघणंच म्हणत. दिवसा घरी कोण असतं, कोंबड्या आहेत का, कुंपण जमिनीत किती खोल गेलंय. कुंपणाच्या उंचीचं त्यांना काही नव्हतं.

पुढे झुंबर वारली. त्यानंतर एक म्हातारी कुत्री आली, ठार बहिरी, दोन घरांनी परत पाठवलेली. ती चुलीपाशी झुंबरच्या जागेवर झोपू लागली. भाऊजींनी हटकलं नाही, तेव्हा आम्ही समजलो, ही राहते आता. पण भाऊजींच्या छातीत दुखू लागलं. त्यांचा मुलगा ओंकार त्यांना दवाखान्यासाठी तळेगावला घरी न्यायला आला. त्याच्या घरमालकाला कुत्रं चालत नाही. प्रेरणाताई म्हणाल्या, मी घरमालकाशी बोलते, ही तुमच्याजवळच राहू दे. मीही तेच म्हटलं.

"वहिनी, माझं काय खरं हाय? मी गेल्यावर तिला तिसऱ्यांदा कोन सोडनार, ओंकार का तुमी?"

मी पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. तिला घर मिळाल्याशिवाय दवाखान्यात येणार नाही, असं सांगून त्यांनी ओंकारला परत लावून दिलं.

स्थळ आलं ते कार्ल्याचं. हर्षदा नावाची बाई घराभोवतीच रोपवाटिका चालवते, दिवसभर घरी. भाऊजींना एकट्यानं जाववेना, म्हणून मी बरोबर गेले. कुंपणाच्या कडेनं काठी खुपसत ते दम घेत घेत फिरले. हर्षदानं चहा आणला, ते नको म्हणाले. तिला वाटलं साखरेचं पथ्य असेल, तिनं बिनसाखरेचा केला. तोही नको. शेवटी मीच सांगितलं, "बाई, लेक दिली त्या घरचं पाणी पीत न्हाईत आमच्यातली जुनी माणसं. तुजं घर पसंत हाय." दोन्ही कप मला प्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी रिक्षानं कुत्री पोचवली. त्याच आठवड्यात भाऊजी तळेगावच्या दवाखान्यात गेले आणि तिथंच संपले. पण कुत्री पोचवली त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा वेगळं काही केलं नाही. पट्टा हर्षदाच्या हातात दिला. "मागनं हात लावू नगा, दचकती. जमिनीवर पाय आपटा, तिला कळतं," एवढं सांगितलं. कुत्री हुंगत हुंगत कुंड्यांमध्ये शिरली. भाऊजींनी बाहेर येऊन फाटकाची कडी लावली आणि ओढून बघितली. रिक्षात बसून चपलेतला खडा काढला. मग रिक्षावाल्याला म्हणाले, बाजारावरून घे, घरात मिरच्या न्हाईत.