काकांची चाळणबंदी

गव्हाच्या कोंड्यावर इतकं जिवापाड प्रेम करणारा दुसरा माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही, हे मी माझ्या चुलत सासऱ्यांबद्दल छातीठोकपणे सांगू शकते. धायरीत ते आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतात. सगळी नोकरी त्यांनी धान्याच्या प्रयोगशाळेत काढली आणि निवृत्त होताना तिथून खपली गव्हाचं वेड तेवढं घरी आणलं. हा आपल्याकडचा फार जुना, लालसर गहू. त्याच्या कोंड्यात अँटिऑक्सिडंट असतात आणि ती शरीराला आतून गंजू देत नाहीत, हे काका भेटेल त्याला सांगत. लिफ्टमध्ये कुणी जांभई दिली तरी "गंज चढायला लागलाय," म्हणून त्याच्याकडे कळवळून बघत. काकू थंडपणे म्हणायच्या, "आमच्याकडे गव्हापेक्षा भाषणंच जास्त दळली जातात." तरी ती कोंड्यासकटची जाडीभरडी पोळी त्या वर्षानुवर्षं बिनतक्रार खात आल्या. "तुला मी म्हातारी होऊ देणार नाही," असं काकांनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

गिरणीत आपल्या गव्हाला दुसऱ्या पिठाचा वास लागू नये म्हणून काका पहिल्या दोन मुठी खपली नुसती गिरणी धुवायला घालत. गिरणीवाला हात जोडायचा, "काका, तुमच्या मागचे लोक भांडतात हो, पीठ लाल आलं म्हणून!" त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं, "त्यांना म्हणावं, आभार मानायला घरी या." पण त्यांचं खरं वैर होतं चाळणीशी. आमच्या वास्तुशांतीला ते खपलीची पिशवी घेऊन आले आणि जाताना आमची पिठाची चाळण काखेत मारून घेऊन गेले. "सूनबाई, गव्हातलं सगळं शहाणपण तू केरात टाकतेस," एवढंच म्हणाले. मी दुसरी आणली, तीही गेली. नातेवाइकांच्या अशा कितीतरी चाळणी त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. शेवटी मी तिसरी आणली ती तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवली.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, घास गिळता येईना. एवढा कोंडा खाऊन शेवटी काय मिळालं, असं भेटायला आलेल्यांतलं कुणीतरी दारातच पुटपुटलं. काकांनी ते ऐकलं. एरवी या माणसाने त्याला तासभर उभं करून समजावलं असतं, पण ते नुसते त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेले, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी काकूंना मऊ, एकजीव खायला द्यायला सांगितलं होतं. काकांनी खपलीच्या पिठाची पेज केली, पण कोंडा घशात अडकून काकूंना जीव घाबरा होईपर्यंत ठसका लागला.

त्याच दिवशी संध्याकाळी काका आमच्या दारात उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, तांदळाच्या डब्यामागची चाळण जरा देतेस का?"

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी चाळण घेऊन त्यांच्याबरोबर वर गेले. "द्या काका, मी चाळते," म्हटलं तर म्हणाले, "नको. मला जमायला हवं." पीठ परातीत कमी आणि ओट्यावर जास्त पडत होतं. दोनदा चाळून त्यांनी पेज केली, चमच्याने थोडी थोडी भरवली, आणि काकूंनी ती सगळी घेतली. मग डाव्या हाताने वाटी त्यांच्याकडे सरकवत काकू अडखळत म्हणाल्या, "आज... भाषण नाही?" काका हसायला गेले, पण त्यांना हसता आलं नाही.

चाळणीत कोंडा उरला होता. आवरताना मी तो उचलला, तसा त्यांनी माझा हात धरला.

"टाकू नकोस. हिच्या वाटचाही आता मलाच खायला हवा. मी आधी गंजलो तर हिला भरवणार कोण?"

चाळण अजून त्यांच्याकडेच आहे. रोज संध्याकाळी वरून तिचा आवाज येतो. आला नाही तर मी जिन्यात जाऊन उभी राहते.