पूर्ण वाक्यात विचार

इंग्रजीच्या बाईंना पोरं पाठीमागे ‘किती-बाई’ म्हणायची. नुसतं ‘हाऊ मच’, ‘हाऊ लाँग’ विचारलं की बाई ढिम्म. आधी ‘टेल मी’ नाहीतर ‘आय वंडर’ लावायचं, मगच उत्तर मिळायचं. तीस वर्षं त्यांनी पोरांना असं सळो की पळो करून सोडलं.

एकदा शाळेचा शिपाई धावत वर्गात आला. शाळेत कामाला आलेला सुतार शिडीवरून पडला होता आणि त्याची मुलगी पहिल्याच बाकावर बसली होती.

“किती लागलंय?” ती किंचाळली.

बाईंनी हात करून शिपायाला गप्प केलं. “इंग्रजीत. पूर्ण वाक्यात.”

पोरीची बोबडी वळली. वाक्य जुळेपर्यंत तास संपला. ती दवाखान्यात पोचली तेव्हा बापाच्या तोंडावर चादर ओढलेली होती. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. वाक्य मात्र बरोबर आलं होतं, असं त्या कौतुकानं सांगत.

आता बाईंचं अर्धं अंग लुळं पडलंय. एका दमात दोनच शब्द फुटतात. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी कसंबसं विचारलं, “किती दिवस?”

सुताराच्या मुलीनं रिपोर्ट मिटला आणि खुर्ची ओढून घेतली.

“इंग्रजीत, बाई. पूर्ण वाक्यात. मला घाई नाही.”