पॉलिश केलेली होडी

"दीदी, पिताजी का जहाज कब छूट रहा है?" समोरचे किराणावाले रोज सकाळी विचारायचे आणि मी रोज कपाळाला आठ्या घालून दुधाची पिशवी घेऊन परत यायचे. थट्टा नाही करणार तर काय करतील! इंदूरमध्ये, स्नेहलतागंजच्या गल्लीत, स्कूटर ठेवायच्या पोर्चमध्ये सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस होडी बांधतोय म्हटल्यावर लोक हसणारच. हसण्याने त्या होडीचं काही बिघडलं नाही. वाटोळं मी केलं, आणि तेही अगदी प्रेमाने. ते एकदा सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे.

मी बावीस वर्षांपूर्वी कोकणातून इथे आले, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला. माझं लग्न झालं नाही की मी केलं नाही, तो विषय वेगळा. आई गेली तेव्हा बाबा गावी एकटे पडले, म्हणून मी त्यांना इथे घेऊन आले. खाडीकाठच्या गावात त्यांनी उभी नोकरी पोस्टाच्या खिडकीत काढली होती. इथे आल्यावर पहिले सहा महिने ते जवळजवळ बोललेच नाहीत. सकाळी उठायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरात भरती-ओहोटीच्या वेळा बघायचे आणि म्हणायचे, "आता खाडी भरली असेल." मी म्हणायचे, "बाबा, चहा घ्या." काय बोलणार दुसरं? मला पहिलं लेक्चर असायचं.

मग एकदा जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "बाय, मी होडी बांधतो."

"कुठे?"

"पोर्चात."

"आणि सोडणार कुठे? बाथरूममध्ये?"

ते हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा, खांदे हलवून हसले. मी त्याच संध्याकाळी स्कूटर बाहेर काढली.

पोस्टाच्या खिडकीतून म्हणे समोरचा किनारा दिसायचा, तिथे होड्या बांधायचं काम चाले, आणि हा माणूस तिकिटांवर शिक्के मारता मारता तीस वर्षं ते बघत होता. आई म्हणायची, पगारी माणसाला होडी कशाला हवी? तेव्हा राहून गेलं ते गेलंच. आता अडवणारी उरली नव्हती. जुनी इंदूर भागातल्या एका सुतार मिस्त्रींना त्यांनी गाठलं. मिस्त्रींनी जन्मभर दारं, चौकटी आणि पलंग केलेले. त्यांना होडी म्हणजे चित्रात पाहिलेली वस्तू. "बाबूजी, अपने इधर पानी किधर है?" असं म्हणत ते आले आणि मग रोज यायला लागले. पाण्याची सोयही त्यांनीच लावली. त्यांच्या मेहुण्याचं शेत हातोद गावाच्या पुढे होतं आणि शेतात चांगला मोठा तलाव होता. बाबांचं हिंदी भयंकर, मिस्त्रींना मराठीचं अक्षर येत नाही, पण दोघांचं रंधा, पटाशी आणि बिडी यांवर उत्तम जमलं. उलट मला बाबा टोमणे मारायचे. "काय गो, तुझं मराठी कुठे धुवायला टाकलंस काय? मघाशी मला 'जल्दी आटपा' म्हणालीस."

दिवाळीनंतर काम सुरू झालं आणि गुढीपाडव्याला होडी पुरी झाली. जेमतेम बारा फुटी, दोन माणसं बसतील एवढी, सागवानी. शेजारीशेजारी बसवलेल्या फळ्या, फटींमध्ये ठोकून भरलेली कापसाची वात, वर राळेचा आणि तेलाचा लेप. मी म्हटलं, चला, झाली एकदाची. बाबा म्हणाले, "झाली कुठे? आता ती पाणी पिणार." लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळी फळीला घट्ट भिडते आणि मगच होडी होडी होते, असं त्यांनी मला बसवून समजावलं. मलाच समजावलं, जिने लाकडाच्या गुणधर्मांवर पोरांना प्रश्न घातलेत. त्यांनी होडीत काठोकाठ पाणी भरलं आणि बाहेरून ओली गोणपाटं गुंडाळली. सुरुवातीला फटींतून धारा लागल्या, हळूहळू त्या कमी झाल्या. अक्षय्य तृतीयेला तलावात सोडायची असं ठरलं. कोरी पँट शिवून आणली त्यांनी त्या दिवसासाठी.

तृतीयेला दहा-बारा दिवस राहिले होते, तेव्हा त्यांना दम लागला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार थकलंय, घरी जातील, पण आता वर्षांचा हिशेब करू नका. मी मान डोलावली. बाबांना मी काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलं होतं. स्ट्रेचरवर असतानाच त्यांनी माझं मनगट धरलं. "गोणपाटं ओली ठेव हां. मला एकदा बसायचंय तिच्यात. पाण्यावर. मग काय ते होऊ दे." त्यांना जगाकडून एवढंच हवं होतं. मी म्हटलं, "ठेवते हो बाबा, तुम्ही बोलू नका आता."

ते अठरा दिवस हॉस्पिटलात होते. त्यातले पहिले पाच दिवस मी इमानाने गोणपाटं भिजवली. सहाव्या दिवशी डासांच्या अळ्या तपासणाऱ्या बाई घरोघरी फिरत आल्या. त्यांनी होडीत वाकून बघितलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "मैडम, ये पानी खाली कर दो, लार्वा हो गए हैं." चूक काहीच नव्हती त्यांची. पाणी काढून ताजं भरलं असतं तरी चाललं असतं. पण शेजारच्या दोघी फाटकात उभ्या राहून बघत होत्या, आणि आमच्या शहरात घरात घाण आहे असं चारचौघांत कोणी म्हटलं की नाकाला मिरच्या झोंबतात. इथे माणूस टॉफीचा कागद खिशात घालून घरी आणतो. ओला कचरा, सुका कचरा, काचा, सगळ्यांचे डबे वेगळे. मी त्यातली नंबर एक. माझ्या पोर्चमध्ये अळ्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी होडी रिकामी केली. फिनेलने पुसली. गोणपाटं बुरसटली होती, वास मारत होती, ती कचऱ्याच्या गाडीत दिली. मग स्वच्छ पुसलेली ती होडी बघून मला वाटलं, किती सुंदर लाकूड आहे हे, आणि आपण त्याचं काय करून ठेवलंय! वीस-बावीस दिवस पाणी प्यायलंय, पुरे झालं. बाबा येतील तेव्हा चकाचक दिसायला हवी. मिस्त्री तेव्हा लग्नासाठी गावी गेले होते, नाहीतर त्यांनी माझा हात धरला असता. मी फर्निचरला पॉलिश करणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "लकड़ी पूरी सूखनी चाहिए मैडम." मी मिस्त्रींच्या ओळखीच्या दोघांकडून होडी पोर्चच्या पुढे ओढून घेतली, उन्हात. इंदूरचं मे महिन्याचं ऊन! आठ दिवस. मग आतून-बाहेरून पॉलिशचे दोन हात. आरशासारखी झाली. मी वरून धुतलेला पलंगपोस घातला, धूळ बसायला नको म्हणून.

बाबा घरी आले तेव्हा मी रिक्षातून उतरता उतरताच म्हटलं, "डोळे मिटा, गंमत आहे." आणि पलंगपोस ओढला.

 ते पुढे झाले आणि होडीच्या अंगावरून हात फिरवला. त्यांचं बोट एका जागी थांबलं. दोन फळ्यांमध्ये नख आरपार जात होतं, पलीकडचा उजेड दिसत होता. तिथेच नाही, बऱ्याच ठिकाणी. कापसाच्या वाती सैल होऊन लोंबत होत्या आणि तळाजवळची एक फळी लांबीच्या लांबी तडकली होती. मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. मी नुसती चमक बघत होते.

"छान चमकते गो," बाबा म्हणाले आणि आत जाऊन पडले.

त्या क्षणी मला कळलं. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री परत आले. होडीला चक्कर मारली, माझ्याकडे बघितलं आणि बिचारे इतकंच म्हणाले, "अरे दीदी..." मग दोघांनी बसून ठरवलं. तडकलेली फळी बदलायची, फटी पुन्हा भरायच्या, आणि पॉलिश सगळं खरवडून काढायचं, कारण पॉलिशखालचं लाकूड पाणी पिणार नाही. पॉलिश काढणं म्हणजे जिवाचं काम. काचेच्या तुकड्याने बोट बोट जागा खरवडायची. मी कॉलेजातून आले की साडी खोचून बसायचे ते दिवेलागणीपर्यंत. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसायचे. मी नाही म्हटलं तरी काचेचा एक तुकडा हातात घ्यायचे, चार वेळा खरवडायचे आणि धापा टाकायचे.

ते मला एक अक्षर बोलले नाहीत. घालूनपाडून नाही, लागट नाही, काहीच नाही. एकदा मला ते सहन होईना. काच फेकली मी आणि किंचाळलेच, "बाबा, एकदा ओरडा ना माझ्यावर! अक्कल नाही का तुला, असं तरी म्हणा!"

"ओरडून फळ्या जवळ येणार आहेत काय बाय?" ते म्हणाले. "येतील तर ओरडतो. उचल ती काच, कुणाच्या पायात जाईल."

मी काच उचलली आणि ढसाढसा रडले. त्यांनी रडू दिलं.

जूनमध्ये आम्ही होडीत पुन्हा पाणी भरलं. भरलं म्हणजे काय, ओतलं आणि गेलं. पोर्चमधून फाटकाखालून सगळं रस्त्यावर. या वेळी शेजारच्या दोघी नुसत्या बघत उभ्या राहिल्या नाहीत, उलट एकीने तिची पाण्याची नळी आणून दिली. सकाळ-संध्याकाळ मी पाणी ओतायचे, नवी गोणपाटं भिजवायचे. बाबा तोवर पलंगावरून उठेनासे झाले होते. पलंग आम्ही खिडकीशी सरकवला होता. संध्याकाळी ते विचारायचे, "आज किती गळली?"

"कमी झाली," मी म्हणायचे. खोटं. पहिले दहा-बारा दिवस धार तशीच होती. "अजून आठवडा, बाबा. मग जाऊ आपण. हातोदला तलावही भरत आलाय म्हणतात."

"हां. घाई नको करू. तिला पिऊ दे."

मग एके दिवशी खरंच धार तुटली आणि थेंब पडायला लागले. मी धावत जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला कळलं, आधीचे सगळे दिवस मी खोटं बोलत होते हे त्यांना ठाऊक होतं. "आता खरं सांगतेस," म्हणाले आणि बारीक हसले. त्यानंतर ते पाचच दिवस होते. आषाढातल्या एका दुपारी, मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा तिसऱ्या चमच्याला त्यांनी तोंड उघडलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर भावकीतल्या लोकांनी विचारलं, त्या होडीचं आता काय करणार, कुणाला देऊन टाक. मी पाणी घालत राहिले. दुसरं काय करायचं ते मला सुचतच नव्हतं. श्रावणात मिस्त्री एका रविवारी छोटा हाथी टेम्पो घेऊन आले आणि म्हणाले, "दीदी, चलो. बाबूजी से बोला था मैंने." चौघांनी होडी टेम्पोत चढवली आणि आम्ही हातोदच्या पुढे त्या तलावावर गेलो. तलाव तुडुंब भरला होता. मिस्त्रींनी नारळ फोडला, होडी पाण्यात ढकलली आणि मला हात धरून आत बसवलं. मी सोबत प्लास्टिकचा मग घेतला होता, आत येणारं पाणी उपसायला. पाय जवळ घेऊन, खाली तळाकडे बघत मी बसले. मिस्त्री वल्हं मारत होते, त्यांना ते धड येत नव्हतं, आम्ही गोल गोल फिरत होतो.

मी वाट बघत होते. बदललेल्या फळीजवळ बघितलं, फळ्यांच्या सांध्यांवर बोट फिरवलं. तळ कोरडा होता. अर्धा तास झाला तरी कोरडा. मिस्त्री खुशीत आले, "देखो दीदी, एक बूँद नहीं!" आणि मी त्यांच्यावर ओरडले, गप्प बसा म्हणून. त्या भल्या माणसाला कळेना, माझं काय बिनसलं. कसं सांगू त्यांना? ती गळायला हवी होती हो मला. बुडायला हवी होती. म्हणजे मी स्वतःला सांगू शकले असते की ही मुळात तरलीच नसती, पोस्टातल्या माणसाने आणि पलंग करणाऱ्याने केलेली होडी ती, तेव्हाही बाबांना तिच्यात बसता आलंच नसतं. पण ती चांगली होती. पहिल्यापासून चांगली होती. मी तिला हात लावला नसता, तर हॉस्पिटलातून आल्यावर, त्यांना अजून चालता येत होतं त्या दिवसांत, माझ्या जागी ते बसले असते.