खांबावरून न उतरलेली तार

मुलाने गाडी वळवली तेव्हाच माझ्या लक्षात आलं. रस्त्याकडेने खांब चालले होते, वर तारा ताणलेल्या, पण डाव्या हाताच्या घराकडे सर्व्हिस वायर उतरलेली नव्हती. शेजारच्या घराला होती, त्यापुढच्या घराला परत नाही. मी चौथी पास माणूस, पण सगळा जन्म लाइनमन म्हणून काढला. खांब दिसला की मान वर जातेच.

मुलगा म्हणाला, ही आमिश लोकांची घरं, जुन्या रीतीने राहणारे ख्रिस्ती, ते वीज घेत नाहीत. वेस्ट विंडसरला त्याच्या घरी दोन महिने सोफ्यावर बसून मी वैतागलो होतो, म्हणून त्याने शनिवारी मला पेनसिल्व्हेनियात फिरायला आणलं होतं. आणि इथे हे. तार दारावरून जातेय आणि नको म्हणतात. मला जागेवर बसवेना. म्हटलं, थांबव गाडी.

घरामागे खुर्च्यांचा कारखाना होता. दाढीवाला मालक माझ्याच वयाचा. घासायचं मशीन चालू होतं. वीज नाही तर हे चालतं कशावर, म्हणून मी मशीनला जोडलेल्या नळीच्या मागे मागे गेलो. शेडमध्ये डिझेल इंजिन टाकीत हवा दाबत होतं आणि त्या हवेवर सगळं चाललं होतं. मी मुलाला विचारायला लावलं, इंजिन चालतं तर तार का नाही? मालक म्हणाला, इंजिन माझं, मी बंद केलं की बंद. तारेतून बाहेरचं सगळं घरात येतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. तार ओढत कुठल्या कुठल्या डोंगरावर गेलो, पहिला दिवा लागला तेव्हा बायकांनी मला कसं ओवाळलं, सगळं सांगितलं. त्याने एकदा म्हणावं, चांगलं काम केलंत, एवढंच मला हवं होतं. मुलाने ते दोन वाक्यांत उरकलं.

"मी एवढं बोललो, आणि तू एवढंसंच?"

"बाबा, ओवाळणं इंग्लिशमध्ये कसं सांगू?"

"हात फिरवून दाखव."

तो बिचारा कारखान्यात हवेत ताट फिरवत उभा राहिला. दाढीवाला म्हातारा गंभीरपणे बघत होता. मग त्याने विचारलं, लाइट गेली की काय व्हायचं?

"मी जायचो," मी छाती काढून म्हणालो. "सगळं गाव माझी वाट बघत बसायचं."

मुलाने ते सांगितलं. म्हातारा हळूच म्हणाला, "सगळं गाव वाट बघत बसायचं," आणि मान हलवून कामाला लागला.

गाडीत मी नुसता चुळबुळत होतो. मैलभर गेल्यावर म्हटलं, मागे वळव, त्याला सांगायचं राहिलंय.

"बाबा, दोन तास ड्राइव्ह करायचंय. काय राहिलं?"

"हेच, की ते वाट बघणं वाईट नव्हतं. लाइट गेली की सगळे ओट्यावर येऊन बसायचे. गप्पा, हसणं. लाइट आली की एकेक जण उठून घरात..."

माझं मलाच ऐकू आलं.

मुलाने गाडी हळू केली. "वळवू?"

"नको," मी म्हटलं. "चल."