न वाचणारा दीनानाथ

दीनानाथ आष्टीकर वाचत नाही, ही गोष्ट जालन्याच्या कोर्टात सगळ्यांना ठाऊक होती. तो काही अडाणी नव्हता. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही टायपिंगच्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेला माणूस. पण समोर ठेवलेला कागद तो नुसता टाइप करायचा. त्यात काय लिहिलंय, कुणाविरुद्ध लिहिलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नसे. एक्क्याऐंशीत जालन्याचा वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, वकील वाढले, तेव्हा कोर्टाबाहेर लिंबाखाली दीनानाथानं टेबल टाकलं, त्यावर टाइपरायटर ठेवला आणि फारकतीपासून वाटणीपत्रापर्यंत सगळ्या जिल्ह्याची भांडणं स्वच्छ समासात बडवायला सुरुवात केली.

मंठ्याच्या झुंबरबाईनं एकदा नवऱ्याविरुद्ध अर्ज टाइप करून घेतला. संध्याकाळी तिचा दीर हजर. त्यानं दीनानाथाला चहा पाजला, पान खिलवलं आणि हळूच विचारलं, "आमच्या भावजयीनं काय लिवलं त्याच्यात?"

"मी अक्षरं बघतो हो," दीनानाथ म्हणाला. "मजकूर वकिलाला विचारा."

दिरानं कॉलर धरली, टेबल पालथं केलं. दीनानाथानं टाइपरायटर उचलला, धूळ झटकली आणि पुन्हा तेच सांगितलं. न वाचता टाइप करता येत नाही, हे टाइप करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. झुंबरबाईचा अर्ज त्याला शब्दन् शब्द आठवत होता. पण वाचलेलं गिळता येतं, आणि ते गिळणं हाच दीनानाथाचा खरा धंदा होता. बाया त्याच्याच टेबलापाशी येत त्या यासाठी.

पुढे वकिलांनी कम्प्युटर घेतले आणि लिंबाखाली कावळे तेवढे उरले. चाळिशी ओलांडलेला दीनानाथ पोरासोरांच्या शेजारी बसून कम्प्युटर शिकला आणि तातेरावांच्या बियाण्याच्या कंपनीत लागला. तातेराव वडीगोद्रीकडचे, घरची भरपूर शेती. कपाशीचं संकरित बियाणं काढून त्यांनी जालन्यात दुमजली ऑफिस उठवलं होतं. या धंद्यात जीव असतो तो नर-मादीच्या वाणांत. कुठली मादी कुठल्या नराशी जुळवली, हे एकट्या मालकाला माहीत. बाकीच्यांना नुसते आकडे. तातेरावांचा जुना, विश्वासू माणूस ते वाण घेऊन दुसऱ्या कंपनीत गेला, आणि तेव्हापासून तातेरावांना चहा आणणाऱ्याचाही संशय येऊ लागला.

याच ऑफिसात शरयू होती. तिशी ओलांडलेली, बोलायला कमी, कामाला चोख. तिचा नवरा शरदचंद्र हायस्कूलात शिक्षक. गावात त्याला मान, भाषण सुंदर करायचा. त्यांची मुलगी छकुली अजून लहान, शाळेत जाणारी. शरयूला मराठी टायपिंग दीनानाथानं शिकवलं. पडद्याकडे न बघता, कळांकडे न बघता, नुसत्या बोटांच्या सवयीनं. ती त्याला काका म्हणायची, आणि बिनपोरीच्या दीनानाथाला ते आवडायचं. एक दिवस खुशीत येऊन त्यानं तिला आपली युक्तीही दिली. त्या काळी कम्प्युटरवरचं मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराला घातलेला सदरा असे. फॉन्ट बदलला की सदरा उतरायचा आणि खाली उरायचा तो इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा, आकड्यांचा काला. पुन्हा मराठी फॉन्ट लावला की मजकूर जशाचा तसा.

"घरचं काही लिहायचं असलं तर इंग्रजी फॉन्टातच टाइप कर," त्यानं सांगितलं. "येणाऱ्या-जाणाऱ्याला काही कळत नाही."

शरयू हसली होती. ती फार क्वचित हसायची.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात औरंगाबादहून एक माणूस आला आणि रविवारी, ऑफिस बंद असताना, काहीतरी बसवून गेला. मागच्या खोलीत, औषध लावलेल्या बियाण्याच्या पोत्यांशेजारी, नवा कम्प्युटर आला. त्यावर ऑफिसातले सगळे पडदे लहान लहान चौकटींत दिसायचे. कोण काय टाइप करतंय, किती वेगानं, कोण नुसतंच बसलंय, सगळं. त्यासमोर बसायला तातेरावांनी माणूस निवडला तो दीनानाथ. कारण उघड होतं. या माणसाचं तोंड शिवलेलं आहे, ही त्याची कीर्ती.

"स्टाफला सांगायचं का साहेब?" दीनानाथानं विचारलं.

"सांगितल्यावर चोर चोरी कशाला करल?" तातेराव म्हणाले. "तुम्ही बसा गुमान. दर सोमवारी मला सांगत जा, कोण बराबर काम करून राह्यलं अन् कोण न्हाई."

दीनानाथ बसला. पहिले काही दिवस त्याला लाज वाटली. मग खुर्ची बरी वाटली, मग पंखा, मग सगळ्यांचं सगळं दिसतंय हे. कोण पत्ते खेळतं, कोण लग्नाची स्थळं बघतं. आयुष्यभर वाचून गिळलेल्या माणसाला आता वाचण्याचाच पगार मिळत होता, आणि ती चटक वाईट असते. सोमवारी तो तातेरावांना प्रामाणिकपणे सगळं सांगायचा. अशाच एका सोमवारी त्यानं सांगितलं, की शरयू मॅडमचा वेग निम्म्यावर आलाय. तातेरावांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "ताई, झोपा काढता का कम्प्युटरपुढं?" शरयूनं मान खाली घातली. दीनानाथानं, ज्याला बोटांतलं इतकं कळायचं, त्यानं तिच्या बोटांकडे पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिच्या चौकटीत तो काला दिसला. कंस, आकडे, तुटकी इंग्रजी अक्षरं. दीनानाथानं लगेच ओळखलं. युक्ती त्याचीच होती. नको वाचायला, असं मनात आलंही. पण मन म्हणतं एक आणि हात करतो एक, त्यातला हा हात वर्षानुवर्षं टाइप करणाऱ्याचा. त्यानं मजकूर उचलला आणि मराठी फॉन्ट लावला.

शरयूनं पुण्याच्या बहिणीला, अरुंधतीला ई-मेलनं लिहिलं होतं. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे डाव्या हातानं टाइप करतेय. या वेळी ह्यांनी हात पिरगाळला तेव्हा छकुलीनं पाहिलं. छकुलीचा शाळेचा दाखला काढलाय, तो डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवलाय. शनिवारी हे पेपर तपासायला अंबडला जातील ते रात्रीच येतील. सकाळच्या पुण्याच्या गाडीनं आम्ही निघतो. घरी फोन करू नकोस, ते बाजूलाच बसलेले असतात. इथं कुणाला काही माहीत नाही.

वेग का कमी झाला, ते दीनानाथाला आता कळलं. त्याला स्वतःची किळस आली, आणि मग लगेच, माणूस असाच असतो, स्वतःचं कौतुकही वाटलं. आपल्याला कळलंय आणि आपण कुणाला सांगणार नाही. शनिवारपर्यंत गिळायचं, बस. त्या दिवशी शरयूच्या टेबलावरून जाताना तो म्हणाला, "हात दुखत असेल तर सावकाश कर हो." शरयूनं दचकून वर पाहिलं. हात दुखतोय, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिनं तेव्हाच थांबायला हवं होतं. पण शुक्रवारी एक शेवटचं लिहायचं राहिलं होतं, गाडी किती वाजता पोचते ते. आणि त्याच वेळी तातेराव काही कारण नसताना मागच्या खोलीत आले, पोत्यावर बसले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "हे काय?"

दीनानाथानं माउसवरचा हात काढून घेतला.

"आकडे हायेत. कोड हायेत. ही बाई वाण पाठवून राह्यली कुणाला तरी." तातेराव उठले. "बोलवा तिला. अन् तिच्या मास्तरलाबी बोलवा शाळेतून."

हा तातेरावांचा नेम होता. परक्या बाईमाणसाला एकटं उभं करून जाब विचारायचा नाही. तिच्या घरचा पुरुष समोर हवा. यात बाईची अब्रू राखली जाते, असं त्यांना मनापासून वाटे. ऑफिसातल्या बायांनाही तसंच वाटे. त्या नेमाचं कौतुक सगळ्या जालन्यात होतं.

शरयू आली. पडद्यावर स्वतःच्याच टेबलाची चौकट बघून आधी तिला काही समजेना. मग समजलं. तिनं दीनानाथाकडे पाहिलं आणि "सावकाश कर" कुठून आलं होतं, तेही समजलं.

"हे माझं खासगी आहे," ती म्हणाली. "कंपनीचं काही नाही त्यात."

"कम्प्युटर माझा, लाइट माझी, टाइम माझा," तातेराव म्हणाले. "मंग खासगी कुठून आलं त्याच्यात?"

"साहेब, पोलिसांना बोलवा पाहिजे तर. ह्यांना नको."

तातेरावांना हे विचित्र वाटलं, पण तोवर शरदचंद्र आलाच. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर काळजी. तातेरावांनी त्याला खुर्ची दिली आणि पडदा दाखवला. शरदचंद्र वाकून बघू लागला. तशी शरयू एकदम म्हणाली, "होय. मी चोरी केली. वाणांचे आकडे दिले. मला काढून टाका."

चोर म्हणवून घ्यायला बाई इतकी घाई का करते, हे एकट्या दीनानाथाला माहीत होतं.

"कुणाला दिले?" तातेरावांनी विचारलं.

तिला नाव सांगता येईना. खोटं बोलायची सवय नव्हती बिचारीला. कुठल्याही कंपनीचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. तातेराव लाल झाले आणि दीनानाथाकडे वळले. "आष्टीकर, तुम्ही हितं बसून काय बघत होता? का तुम्हीबी सामील हाय?"

या प्रश्नानं दीनानाथाचं आयुष्य उभं-आडवं तोलून पाहिलं. गप्प राहिला असता तर शरयू चोर ठरली असती. कदाचित पोलीस ठाणं, कदाचित बदनामी. पण शनिवार तरी तिच्या हातात राहिला असता. आणि तो स्वतः चोराचा साथीदार ठरला असता. लिंबाखालच्या त्या दीनानाथानं कॉलर फाडून घेतली असती. पण त्या दीनानाथाला पंख्याखालची खुर्ची नव्हती. याला होती.

"चोरी नाही साहेब," तो म्हणाला. "मराठीच आहे ते."

"काका," शरयू म्हणाली. एवढंच.

त्यानं फॉन्ट बदलला. जुना मजकूरही त्यानं उघडला. तो कुठे ठेवलाय, हे त्याला बरोबर माहीत होतं. काल्याला सदरे चढले आणि सगळी अक्षरं शहाण्यासारखी रांगेत उभी राहिली. तातेरावांनी पडद्यावर बोट ठेवत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. उजव्या हातापाशी त्यांचा आवाज उतरला. पिरगाळला, या शब्दावर ते थांबले. उरलेलं शरदचंद्रानं मनात वाचलं. डब्याची पिशवी, शनिवार, सकाळची गाडी, सगळं. शिक्षकच तो, भरभर वाचायची सवय.

तातेरावांनी खाकरून घेतलं. "मास्तर, हे तुमच्या घरातलं हाय. कंपनीचा ह्याच्याशी बिलकुल संबंध न्हाई." मग शरयूकडे न बघता म्हणाले, "ताई, तुमच्यावर काही डाग न्हाई. सोमवारी कामावर या."

अशी ती निर्दोष सुटली.

"तिची तब्येत बरी नसते अलीकडे," शरदचंद्र हळुवारपणे म्हणाला, आणि त्यानं बायकोच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. शरयूच्या तोंडून आवाज आला नाही. जाताना तिनं डब्याची पिशवी उचलायला हात पुढे केला, तर ती त्यानं आधीच उचलली होती. खिडकीतून दीनानाथानं दोघांना स्कूटरवर बसताना पाहिलं. ती डाव्या हातानं सीट धरून बसली होती.

सोमवारी ती आली नाही. त्यानंतरही आली नाही. तिचा वेग किती, हे सांगायची दीनानाथावर पुन्हा वेळ आली नाही. तातेरावांनी त्याची पाठ थोपटली, एका निरपराध बाईवरचा आळ दूर केला म्हणून. आपण तिला तुरुंगातून वाचवलं, असं दीनानाथही घरी बायकोला सांगू लागला. सांगता सांगता त्याला ते थोडं पटलंही.

महिना उलटून गेल्यावर शरदचंद्र ऑफिसात आला. पेढ्यांचा पुडा घेऊन, थेट मागच्या खोलीत. "तुमचे आभार मानायचे राहिले होते आष्टीकर. तुमच्यामुळे माझं घर मोडता मोडता राहिलं." त्यानं दीनानाथाच्या तळहातावर पेढा ठेवला. शरयू आता घरीच असते, म्हणाला. नोकरीचा ताण झेपत नव्हता तिला. मग त्यानं आवाज खाली आणला.

"मी दिवसभर शाळेत. फोन घरात. कोण काय बोललं ते नंतर ऐकता येईल, असं काही मिळतं का हो?"

मला माहीत नाही, हे वाक्य दीनानाथाच्या जिभेवर तयार होतं. लिंबाखाली ते त्यानं किती दिरांना, किती नवऱ्यांना ऐकवलं होतं. पण प्रश्न यंत्राचा होता, आणि यंत्राचं त्याला माहीत होतं. एवढा शिकलेला माणूस अदबीनं विचारत होता.

"औरंगाबादला मिळतं," दीनानाथ म्हणाला. "फोनच्या तारेला लावायचं. बोलणाऱ्याला काही कळत नाही."

शरदचंद्रानं दुकानाचं नाव विचारलं. दीनानाथानं तेही सांगितलं, आणि हातात होता तो पेढा खाल्ला.