चित्रदुर्गच्या वाटेवर गिअरबॉक्सचा आवाज आणि बाबांचा उजवा पाय

१. निघण्याआधी गिअरबॉक्सचं तेल थंड असताना मोजलं. कमी वाटलं. पाऊण लिटर घातलं.
२. सिऱ्याजवळ आवाज सुरू झाला. अजून अर्धा लिटर घातलं.
३. हिरियूरच्या पुढे गाडी ओढेना.
४. बाबांनी गाडी चालवणं सोडलं.

पहिल्या दोन गोष्टी मी केल्या.

पक्षाघातानंतर बाबा नागपूरहून माझ्याकडे बंगळूरला, बसवनगुडीत आले. डावा पाय नीट उचलला जात नाही. ऑटोमॅटिकला क्लच नसतो, डाव्या पायाला काम नसतं, म्हणून मी जुनी ऑटोमॅटिक घेतली. डॉक्टरांनी परवानगी दिली, महिनाभर सराव झाला. पहिल्या लांब फेरीसाठी चित्रदुर्गचा किल्ला बाबांनी निवडला.

सकाळी सहाच्या आत निघा. नंतर नेलमंगलपर्यंत गाड्या हलत नाहीत. फास्टॅग आधीच भरून ठेवा. क्यातसंद्रला तट्टे इडली खाल्ली, ताटलीएवढी, मऊ. तिथून स्टिअरिंग बाबांकडे.

"पट्टा लावा मॅडम, नागपूरचा ड्रायव्हर आहे."

"ऐंशीच्या वर नाही, बाबा."

"बरं, मास्तरीणबाई."

रस्ता सहापदरी, सरळ. तासभर ते गुणगुणत होते. सिऱ्याजवळ बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू आली. गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये इंजिनचा वेग वाढवून पाहिला: शीळही वाढली. म्हणजे आवाज तेलाच्या पंपाचा, तेल कमी पडत असणार. खाली वाकले तर लाल तेल ओघळलेलं. गळती, असा मी निष्कर्ष काढला आणि तेलाचा डबा उघडला.

"आधी तेलाची पट्टी काढून बघ की," बाबा म्हणाले.

"सकाळीच मोजलंय."

हिरियूरच्या पुढे इंजिन ओरडत होतं आणि वेग कमी होत होता. मागून ट्रकने हॉर्न दिला. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"पाय दाबलाच जात नाहीये. उजवाही गेला वाटतं."

इंजिन ओरडत होतं, म्हणजे पाय दाबला जात होता, हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मला कारण माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं मी बोलत नाही. टोइंगच्या ट्रकमधून परत आलो. किल्ला पाहिला नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही.

चामराजपेटेतले मेकॅनिक मल्हारीअण्णा; त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. त्यांनी गिअरबॉक्स उघडला.

"तेल जास्त झालंय, अक्का. गरम झालं की फुगतंय, फेस होतोय. पंप हवा ओढतोय."

"खाली गळत होतं."

"ते गळणं नव्हे, फेस वरून बाहेर आलाय. कमी असलं तरी हाच आवाज, जास्त असलं तरी हाच. गरम करून पट्टी बघायची होती स्वल्प." मग हळू आवाजात: "आतल्या प्लेटा घसरून जळल्यात, म्हणून गाडी ओढेना. आठ दिवसांत नव्या घालून सरी, नीट करून देतो."

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. फोनवर अण्णांनाही बोलायला लावलं.

"तू शिकवून ठेवलंस त्याला," बाबा म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून."

जेवण झालं की ते खुर्चीत बसून उजवं पाऊल जमिनीवर दाबून बघतात. मी आत आले की थांबतात. गाडी दुरुस्त करू नको, विकून टाक, असं त्यांनी सांगितलंय; शनिवारी सकाळी ती आहे त्या स्थितीत बघायला गिऱ्हाईक येणार आहे. त्यानंतर ते गाडी चालवणार नाहीत, हे मला माहीत आहे.

तुमच्या ऑटोमॅटिकमध्ये कधी तेल जास्त झालं असेल, इंजिन ओरडून गाडी ओढली नसेल, तर पाय दाबताना नेमकं काय जाणवलं ते मराठीत खाली लिहा. मला धीर देऊ नका. उत्तरं बाबा स्वतः वाचतील. कृपया शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा.